वाचनाचं ॲप लावून दिलं, पण मूल खरंच वाचतंय का?

मुलाला वाचनाचं ॲप लावून दिलं, तो भराभर लेव्हल पार करतोय, स्टार मिळतायत, की आपण धरून चालतो वाचायला शिकतोय म्हणून. बऱ्याचदा होतं काय, ॲप वाचतं आणि मूल ऐकतं. ऐकण्याचाही फायदा आहेच, नवे शब्द कानावर पडतात, पण त्याने डोळ्यांना अक्षरं ओळखायची सवय लागत नाही. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, आधी मुलाचा आवाज आणि मग ॲपचा.

म्हणजे करायचं कसं तर गोष्टीच्या ॲपमध्ये आपोआप वाचून दाखवायची सोय असते ती आधी बंद करा. मुलाने एक वाक्य मोठ्याने वाचायचं, अडलं तर थोडं थांबायचं, लगेच सांगायचं नाही, स्वतः प्रयत्न करू द्यायचा आणि तरीही नाही जमलं तर त्या शब्दावर टॅप करून ऐकायचं. मग तेच वाक्य परत पहिल्यापासून वाचायचं, ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि खरी मेख तिथेच आहे. तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचला की वेग आणि अचूकपणा दोन्ही वाढतात हे वाचनाचे अभ्यासक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, त्यामुळे पोरगी तीच गोष्ट चौथ्यांदा मागत असेल तर खुशाल वाचू द्या.

आता ॲप कुठलं घ्यायचं. डाउनलोड करायच्या आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते बघा. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये फार साधं सूत्र दिलंय, वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे दोन्हीतलं एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्यच. घरी तपासायला सोपं आहे, त्याला न जमलेला उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. ऐकून नीट समजलं तर अडचण अक्षरांची आहे, अक्षर-आवाज जुळवणारं ॲप हवं. ऐकूनही समजलं नाही तर अक्षरांचे गेम कितीही खेळवले तरी उपयोग नाही, तिथे गोष्टी, गप्पा आणि नवे शब्द लागतात.

अक्षरांचं ॲप बघताना फिनलंडच्या युव्हॅस्कुला विद्यापीठात तयार झालेल्या ग्राफोगेम या वाचनाच्या खेळाची रीत डोक्यात ठेवा. तिथे आधी आवाज ऐकू येतो, मग मुलाने समोरच्या अक्षरांतून बरोबर अक्षर निवडायचं, आणि जे चुकतं ते परत समोर येतं. नुसतं चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या वाजवणाऱ्या ॲपचा काही फायदा नाही. आणि मराठीसाठी एक नक्की बघा, ते ज्ञ पर्यंत जाऊन थांबतं का? कारण मुलं मुळाक्षरांत फार अडकत नाहीत, अडकतात ती पुढे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर, सूर्य मधला र लिहिलाय य च्या डोक्यावर पण वाचायचा य च्या आधी, याचा सराव देणारं ॲप असेल तरच घ्या.

मूल वाचतंय की अंदाज मारतंय हे कळायला स्क्रीनवरचं चित्र हाताने झाका. गडाचं चित्र बघून ‘किल्ला’ सगळेच म्हणतात. मग कागदावर ‘किल्ली’ आणि ‘कल्ला’ लिहून द्या, दोन्ही वेळा ‘किल्ला’च म्हणाला तर तो वेलांटी-काना बघतच नाहीये, आणि मग पुढचे काही दिवस वेलांटी-काना यावरच थांबायचं.

अजून एक, बऱ्याच फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, पुस्तकातले वेगळे, त्यामुळे मूल गोंधळलं तर त्याला दोन्ही वळणं कागदावर शेजारी शेजारी काढून दाखवा. ॲपचा आवाज मशीनचा असेल तर चमचा आणि चार मधला च एकसारखाच म्हणतंय का ते कान देऊन ऐका, म्हणत असेल तर ते ॲप बाद.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ मला मनापासून आवडतं, २०१५ पासून आहे, फुकट आहे, मराठी गोष्टी आहेत आणि पातळीनुसार निवडता येतात. तिथली चित्रं घेऊन मुलाला स्वतःची गोष्ट सांगायला लावा, तो सांगेल तशी तुम्ही टाइप करा, मग त्यालाच वाचायला द्या. स्वतःचीच वाक्यं असल्यामुळे अडखळला तरी सोडून देत नाही. वाचायलाच नको म्हणणारं मूल असेल तर आवडती गाणी त्याच भाषेतल्या सबटायटलसकट लावा. संशोधक ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच कल्पनेवर काम केलंय, गाणं पाठ असतं त्यामुळे डोळे आपोआप शब्दांमागे धावतात.

वेळ म्हणाल तर रोज दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली, पण शेजारी बसून. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात बसून स्क्रीन बघण्याचा सगळा वेळ मिळून एक तासाच्या आतच असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, त्यात हे पण आलंच. शेजारी बसाल तेव्हा एक छोटी वही ठेवा आणि चुकलेले शब्द जसे वाचले तसेच लिहीत जा. काही महिने नियमित करूनही तीच तीच अक्षरं चुकत असतील तर परत लेव्हल खेळवत बसू नका, डोळे आणि कान तपासून घ्या आणि ती वही वर्गशिक्षकांना दाखवा.