नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर मांजरीची घरी शुश्रूषा कशी करावी

मांजरीला दवाखान्यातून आणण्यापूर्वीच एक शांत खोली तयार ठेवावी. तिथे उडी मारण्याजोगे टेबल किंवा कपाट नसावे. जमिनीवर मऊ चादर, पाण्याचे पसरट भांडे आणि कमी उंचीच्या कडेचा लिटर ट्रे (मलमूत्रासाठीचा ट्रे) ठेवावा. वाळूचे बारीक कण टाक्यांना चिकटतात, म्हणून ट्रेमध्ये काही दिवस फाडलेले वर्तमानपत्र घालावे. घरात दुसरी मांजर असल्यास तिला वेगळे ठेवावे, कारण दवाखान्याच्या वासामुळे सख्ख्या बहिणीही एकमेकींवर फिस्कारतात.

पहिल्या रात्री भुलीचा अंमल पुरता उतरलेला नसल्याने तिचे पाय लटपटतात आणि अंग लवकर गार पडते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अशी ठेवावी की नको वाटल्यास तिला सरकून दूर जाता येईल. पूर्ण शुद्धीवर आल्यावर नेहमीच्या आहाराचा पाव भागच द्यावा.

यापुढे सर्वांत जास्त लक्ष तिच्या खाण्यावर हवे. माणसाने दोन दिवस लंघन केले तरी चालते, हा आपला समज मांजरीला लागू पडत नाही. तिचे खाणे बंद झाले की शरीरातील चरबी यकृतात साठू लागते, आणि लठ्ठ मांजरीच्या बाबतीत हे काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. म्हणून २४ तास तिने काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना कळवावे. अन्न किंचित कोमट केल्याने वास सुटतो आणि भूक चाळवते. कोंबडी उकडून द्यायची असल्यास ती बिनमिठाची असावी आणि तिच्यात कांदा-लसूण मुळीच नसावा, कारण त्यांनी मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

तिला वेदना होतात म्हणून घरातली क्रोसिन देण्याचा विचार मनातही आणू नये. मांजरीचे यकृत पॅरासिटामॉलचा नीट निचरा करू शकत नाही आणि अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. पशुवैद्यांनी लिहून दिलेली गोळी दिल्यावरही, ती अन्ननलिकेत अडकू नये म्हणून, लगेच थोडे पाणी किंवा अन्नाचा घास द्यावा.

जखम रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर उजेडात पाहावी. कडा जुळलेल्या, कोरड्या आणि फिकट गुलाबी दिसत असतील तर काळजीचे कारण नाही. रोज एक छायाचित्र काढून ठेवल्यास सूज वाढते की उतरते हे नेमके कळते. जखमेवर हळद किंवा डेटॉल लावू नये. डेटॉलमधील रसायन चाटण्यातून पोटात गेल्यास मांजरीला विषबाधा होते. मांजरीची जीभ खरखरीत असते आणि तिने टाके सहज उसवतात, त्यामुळे जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूच्या आकाराची कॉलर तिला कितीही नकोशी वाटली तरी पशुवैद्य सांगेपर्यंत काढू नये. ती साधारणतः १० ते १४ दिवस लागते आणि तेवढेच दिवस उड्या व अंघोळही टाळावी. कॉलरमुळे खाता येत नसेल तर वाटीऐवजी उथळ ताटली वापरावी.

हिरड्या पांढुरक्या पडणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, जखमेतून रक्त किंवा पू येणे, टाके उसवणे, किंवा २४ तासांत लघवी न होणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. टाके आपोआप विरघळणारे असले, तरी सांगितलेल्या दिवशी जखम दाखवून यावी.