पेटीवरून गिटारवर: साठीनंतर शिकणाऱ्यांसाठी

गोव्यात कदंबाची सरकारी बस मी एकतीस वर्षे चालवली, त्यातली बहुतेक फोंडा-पणजी मार्गावर. घर म्हार्दोळला. संध्याकाळी देवळात भजनाला पेटीवर बसायचो, तीही वडिलांच्या बोटांकडे बघून शिकलेली. साठाव्या वर्षी निवृत्त झालो आणि एकसष्टाव्या वर्षी गिटार हातात घेतली. त्याला आता सहा वर्षे झाली. भजनी मंडळातले दोघेतिघे हल्ली विचारतात, 'आम्हाला या वयात जमेल का? सुरुवात कुठून करायची?' सोप्यावर बसून त्यांना जे सांगतो तेच लिहून काढले आहे.

ज्याला थोडी पेटी येते, किंवा नुसते भजनात सुरात गाता येते, त्याला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागत नाही. मला हे कळायला वर्ष लागले, कारण पुस्तकात सगळे इंग्रजी अक्षरांत होते. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे समजा. एक पडदा पुढे गेलात की पेटीवरची अगदी लगतची पट्टी लागते, मग ती काळी असो की पांढरी. बारा पडदे झाले की एक सप्तक पुरे. उरला प्रश्न मोकळ्या तारांचा. सगळ्यांत जाड ती सहावी तार, तिचा सूर पांढरी तीन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी. पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात, आणि सगळ्यांत बारीक पहिली पुन्हा पांढरी तीन. मोबाइलवरचा ट्यूनर हेच ई, ए, डी, जी, बी, ई असे दाखवतो. मी हे एका पुठ्ठ्यावर लिहून पेटीच्या बाजूला टांगले, आणि त्या दिवसापासून गिटार मला परकी वाटली नाही.

पेटी जुनी असेल तर ती ट्यूनरच्या 440 ला (पांढरी सहाच्या ठरलेल्या उंचीला) जुळेलच असे नाही. पेटीसोबत वाजवायचे असेल तर तारा पेटीलाच मिळवा, ट्यूनर बाजूला ठेवा.

आता वाद्य घेण्याविषयी. माझी पहिली गिटार पोलादी तारांची होती, दुकानदाराने 'हीच चालते' म्हणून दिलेली. मान अरुंद आणि तारा पडद्यांपासून खूप उंच. माझी बोटे स्टिअरिंगने जाड झालेली. एक तार दाबली की शेजारची दबायची. पंधरा दिवसांत शेंडे इतके हुळहुळे झाले की मी ती तीन महिने कपाटावर ठेवून दिली. चूक वयाची नव्हती, वाद्याची होती. साठीच्या माणसाने नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्यावी. तिची मान वरच्या टोकाला सुमारे 52 मिलिमीटर रुंद असते, पोलादी तारांच्या गिटारची 43 च्या आसपास. तारांचा ताणही पुष्कळ कमी. नायलॉनच्या तारा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आल्या. त्याआधी आतड्याच्या तारा असत, आणि युद्धात तेच आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी हवे होते. आणि एक: या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नका. तो ताण तिला पेलत नाही, ब्रिज (खालच्या बाजूला तारा बांधतात तो लाकडी तुकडा) उपटून येतो.

दुकानात जाताना वाजवू शकणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या. बाराव्या पडद्याशी तार पडद्यापासून तीन-चार मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर ती खाली घेऊन द्यायला सांगा. नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिजवरची पट्टी घासून हे काम होते.

माझी गुरू वाड्यापलीकडची पंचविशीतली मुलगी. तिच्या आजोबांनी चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मी) गिरवलेला, घरात व्हायोलिन आणि गिटार कायमची. ती मला अंकल म्हणते, मी तिला बाय. आपल्या नातवंडांच्या वयाच्या माणसाकडून शिकायला काहींना अवघड वाटते. मला वाटले नाही, कारण पहिल्याच दिवशी तिने माझे सहा आठवडे वाचवले. मी बोट दोन पडद्यांच्या मधोमध दाबत होतो. तिने ते पडद्याला टेकेल इतके पुढे सरकवले, आणि निम्म्या जोरात स्वच्छ सूर आला. 'अंकल, सवकास,' एवढेच ती म्हणते. घाईने बोट चुकीच्या जागी बसले तर ती सवय मोडायला दुप्पट वेळ जातो.

बोटांची काळजी हा आपल्या वयाचा खरा विषय आहे. सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून मी कोमट पाण्यात हात पाच मिनिटे बुडवून मगच बसतो. दिवसातून दोनदा पंधरा पंधरा मिनिटे, एका बैठकीत तासभर नव्हे. शेंड्यांवर घट्टा पडायला तीन-चार आठवडे लागतात. दुखले की थांबा, पण दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर ती घट्ट्याची वेदना नाही, डॉक्टरांना दाखवा. मला मधुमेह आहे. साखर तपासायला आधी मी डाव्या हाताची बोटे टोचत असे, आणि टोचल्या जागी तार रुतली की डोळ्यांत पाणी यायचे. आता उजव्या हाताची करंगळी टोचतो, छेडताना ती लागतच नाही. ज्यांच्या बोटांची जाणीव मधुमेहाने कमी झाली आहे त्यांनी रोज शेंडे बघून घ्यावेत, जखम कळत नाही.

चष्म्याचेही तसेच. दोन भिंगांच्या (बायफोकल) चष्म्यातून पडदे बघायला मान वाकडी करावी लागते आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. बहुतेक गिटारच्या मानेच्या वरच्या कडेवर ठिपके असतात: पाचवा, सातवा, बारावा पडदा. नसतील तर पांढऱ्या रंगाचा टिपका द्या. समोरून न बघता त्या ठिपक्यांकडे बघायची सवय लावा. डावा पाय वीतभर उंच पाटावर ठेवा, म्हणजे गिटारची मान आपोआप वर येते आणि पाठ सरळ राहते.

कॉर्डकडे येऊ. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. सी कॉर्ड म्हणजे पांढरी एकचा सा, ग, प. ए मायनर म्हणजे पांढरी सहाला सा धरून कोमल ग आणि प. पेटीवर हे आपण कितीतरी वेळा नकळत दाबलेले आहे. पहिला महिना तीनच कॉर्ड पुरेत. ए मायनर: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मध्यमा चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर. आता फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर न्या, सी झाली. बाकीची दोन बोटे हललीच नाहीत. ए मायनरचा तोच आकार सगळा एकेक तार जाड बाजूला सरकवला की ई. दोन्ही बदल डोळे मिटून जमेपर्यंत चौथी कॉर्ड घेऊ नका. एफसाठी तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायला सांगतात. ती घाई करू नका, पहिल्या चार तारांची छोटी एफ आपल्या कामाला पुरते.

ताल मात्र आपल्याला शिकवावा लागत नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा अंगात असतात. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, मधल्या मात्रांना बोटांनी बारीक तारा. दादऱ्याच्या सहा मात्रांना हाच हात चालतो, आणि दुलपद (गोव्यातले कोंकणी नाचगाणे) हेही सहाच मात्रांचे, त्यामुळे शेजारच्या लग्नातही साथ देता आली.

अभंगाला मी जाड कॉर्ड लावत नाही, हे माझे ठाम मत. रागाच्या चालीत मध्येच कॉर्ड बदलली की गायकाचा सा हलतो. त्याऐवजी सहावी तार दोन पडदे खाली उतरवून पांढरी दोनला आणा. आता सहावी, पाचवी, चौथी मोकळी छेडली की सा, प, सा. तंबोऱ्यासारखी ही आस ठेवा आणि बारीक तारांवर भूप वाजवा. चौथी तार मोकळी सा, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर प, चौथ्यावर ध. दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर वरचा सा. माझ्या हातून पहिल्यांदा हे पुरे उतरले त्या रात्री मी स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून आणले. तिने ओलेच हात घेऊन ऐकले आणि भूप ओळखला.

गायकाच्या पट्टीसाठी कॅपो घ्या. मानेवर बसणारा हा चिमटा सगळ्या तारा एकदम चढवतो. काळी एकचा गायक असेल तर कॅपो पहिल्या पडद्यावर आणि सी घराच्या कॉर्ड. काळी दोनला कॅपो पहिल्यावरच, पण डीच्या कॉर्ड. बाई काळी चारला गात असतील तर पुन्हा पहिलाच पडदा, जीच्या कॉर्ड.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीत घुमट, शामेळ ही चामड्याची तालवाद्ये आणि कासाळे (झांजा) चालू असताना गिटार घेऊन बसू नका, ती ऐकूच येत नाही. आरती संपून प्रसाद वाटला की माणसे नाट्यगीतांकडे वळतात, ती वेळ आपली.

पाऊस हा गोव्यातल्या लाकडाचा वैरी. चिऱ्याची भिंत जूनपासून ओल धरते. पहिल्या पावसाळ्यात मी गिटार खिळ्याला टांगली होती. देवळातल्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या सुमारास बघतो तर पाठीवर बुरशी आणि ब्रिज एका बाजूने सुटलेला. आता ती पेटाऱ्यात असते, भिंतीपासून लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर त्या कोरड्या करतो. वाजवून झाले की तारा सुती कपड्याने पुसायच्या, खालच्या बाजूनेही. जाड तीन तारांवर धातूचा वेढा असतो, तो घामाने काळा पडतो आणि आवाज मेल्यासारखा होतो. इथल्या हवेसाठी पहिली गिटार प्लायच्या तबकडीची (पुढच्या फळीची) चांगली. सलग लाकडाचा आवाज गोड, पण ओल्या हवेत ते फुगते.

तारा चवथीच्या आदल्या दिवशी बदलू नका. नवीन नायलॉन चार-पाच दिवस सैल होत राहते, दर गाण्यानंतर सूर उतरतो. आठ दिवस आधी लावा आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिळवा.