एशियाडला आपल्या 4x100 रिलेचं मेडल मोजताना या चुका टाळा

सप्टेंबर 2026 मध्ये नागोयाला एशियाड आहे आणि पुरुषांच्या 4x100 रिलेत यावेळी मेडल येऊ शकतं असं बरेच जण बोलतायत, आणि ते उगाच नाहीये. 2025 च्या एप्रिलमध्ये चंदीगडला गुरिंदरवीर सिंग, अनिमेष कुजूर, मणिकंठ होबळीधर आणि अमलान बोरगोहेन या चौघांनी 38.69 सेकंदांचा टाइम काढला आणि 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थपासूनचा 38.89 चा नॅशनल रेकॉर्ड गेला. पंधरा वर्षं तो आकडा हलला नव्हता. दिल्लीत त्याच 38.89 वर आपल्याला ब्राँझ मिळालं होतं, म्हणून नवीन आकडा बघून लोकांना मेडल दिसायला लागलं तर त्यात नवल नाही.

मला पण आशा आहे, खूप आहे. पण मेडलचा हिशोब लोक ज्या पद्धतीने करतात ना, तिथे गडबड होते. सगळे पळणाऱ्यांकडे बघतात. रिलेत बघायचा असतो बॅटन, म्हणजे हातातली कांडी, तो 400 मीटर किती वेगात फिरतो आणि तीन एक्सचेंजमध्ये, म्हणजे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना, किती थांबतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चौघांचे 100 मीटरचे बेस्ट टाइम घ्यायचे, बेरीज करायची आणि यादी लावायची. 2025 अखेरचे आकडे धरले तर कुजूर 10.18, गुरिंदरवीर 10.20, होबळीधर 10.23, बोरगोहेन 10.25, बेरीज 40.86. आणि टीम पळाली 38.69, म्हणजे दोन सेकंदांपेक्षा जास्त कमी, कारण पहिला सोडला तर बाकी तिघं बॅटन घेताना आधीच वेगात असतात, स्टार्टच्या ब्लॉकमधून उठायचा वेळ त्यांच्या खात्यात नसतो. हा जो फरक आहे तोच टीमचा खरा दर्जा. सगळ्यांना नीट लागू होणारं उदाहरण जपानचं आहे. रिओ ऑलिंपिक 2016 ला यामागाता, इइझुका, किर्यू आणि केंब्रिज यांनी 37.60 मध्ये सिल्व्हर घेतलं, तेव्हा त्या चौघांपैकी एकानेही 100 मीटर 10 सेकंदाच्या आत काढलेलं नव्हतं! खालून वर बॅटन द्यायची त्यांची पद्धत आणि ती वर्षानुवर्षं घोटून घेणं, यावर ते मेडल आलं.

याची उलटी बाजू पॅरिस ऑलिंपिक 2024. अमेरिकेचे तिघे जण 100 मीटरच्या फायनलमध्ये होते, लाइल्स, कर्ली आणि बेडनारेक. कॅनडाचा एकही नव्हता. रिलेच्या हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या राउंडला, अमेरिकेने 37.47 मारले, आणि फायनलचं गोल्ड कॅनडाने 37.50 ला नेलं, म्हणजे अमेरिका नुसती हीटसारखी पळाली असती तरी गोल्ड होतं. पण लाइल्स कोविडमुळे नव्हता, फायनलला टीम बदलली, बेडनारेक दुसऱ्या लेगला (टप्प्याला) आला, तो लवकर सुटला, मग त्याला थांबावं लागलं, मागून कोलमन जवळजवळ अंगावर आला आणि शेवटी डिसक्वालिफाय. कॅनडाचे ब्राऊन, ब्लेक, रॉडनी, डी ग्रास हे तेच चौघे 2022 ला यूजीनमध्ये 37.48 काढून वर्ल्ड चॅम्पियन झालेले होते. म्हणून कोणाची टीम किती दिवस एकत्र पळतेय हे आधी बघा, मग बेस्ट टाइम.

दुसरी चूक, गेल्या वेळच्या ब्राँझचा टाइम घेऊन आपला त्याच्यावर ठेवायचा. जकार्ता एशियाड 2018 ला जपान 38.16, इंडोनेशिया 38.77, चीन 38.89. पुढच्या हांगझोऊ एशियाडला चीन 38.29, जपान 38.44, दक्षिण कोरिया 38.74. आपला 38.69 इथे ठेवला की जकार्ताचं सिल्व्हर आणि हांगझोऊचं ब्राँझ आपलं, इतकं सोपं दिसतं. पण समोरचे पण थांबलेले नसतात ना. तोच कोरिया 2025 मध्ये आधी 38.51 आणि मग गुमीच्या एशियन चॅम्पियनशिपला 38.49 काढून गोल्ड घेऊन गेला, म्हणजे हांगझोऊपासून पाव सेकंद कमी, आणि पाव सेकंद म्हणजे या वेगात अडीच मीटर. जपान घरच्या ट्रॅकवर आहे, त्यांच्या नावावर 37.43 चा आशियाई रेकॉर्ड आहे. चीनचा 37.79. थायलंडकडे पुरीपोल बून्सोन आहे, हांगझोऊला 100 मीटरचं सिल्व्हर घेतलेला. मला विचाराल तर नागोयाला ब्राँझसाठी साडेअडतीसच्या आसपास किंवा त्याच्या आत यावं लागेल असं धरून चला, 38.69 वर बसून चालणार नाही.

4x400 चं यश 4x100 ला चिकटवणं हे पण बघतो मी. बुडापेस्टच्या 2023 वर्ल्ड चॅम्पियनशिपला हीटमध्ये आपण 2:59.05 काढला, अमेरिकेच्या मागोमाग आलो, सगळा देश बघत होता. पण त्या रिलेत मागे वळून, बघून बॅटन घेतात, ट्रॅकवरच्या खुणेवरून (चेकमार्क) डोळे मिटून सुटायचं नसतं, तो वेगळा खेळ आहे. आणि तिथेसुद्धा फायनलला पाचवे आणि पुढच्या वर्षी पॅरिसला 3:00.58 मध्ये हीटमधूनच बाहेर, त्यामुळे एका रेसवरून पुढच्या वर्षीचं मेडल बांधू नका.

आता एक्सचेंजचं सांगतो, कारण अंदाज चुकतो तो इथेच आणि रेस बघताना तुम्हाला स्वतःला ओळखता आलं पाहिजे की बिघडलं काय.

बॅटन ज्या पट्ट्यात द्यावा लागतो तो झोन 30 मीटरचा असतो, आधी 20 चा होता. पुढचा पळणारा झोनच्या मागे ट्रॅकवर एक टेप चिकटवतो, साधारण वीस-पंचवीस पावलं मोजून, टाचेला पंजा लावत. मागून येणारा त्या टेपवर आला की हा सुटतो, मान न वळवता, फुल स्पीड. मग मागच्याचा आवाज आला की हात मागे, आणि तो हात स्थिर राहिला पाहिजे. यात काय काय बिघडतं बघा.

मागचा हात लांबवतोय, लांबवतोय आणि पोचत नाहीये, म्हणजे पुढचा लवकर सुटला किंवा टेप जास्त लांब लावला गेला. बरेचदा हीटनंतर पाय थकलेत, मागचा फायनलला थोडा हळू येतो आणि टेप मात्र कालचाच ठेवलाय, तिथे दोन पावलं कमी करायला हवी होती. दोघं एकमेकांवर चढतायत, मागच्याला ब्रेक मारावा लागतोय, म्हणजे पुढचा उशिरा सुटला, सेफ खेळला. यात डिसक्वालिफाय होत नाही पण सेकंदाचे दोन दशांश सहज जातात आणि बघणाऱ्याला वाटतं की पुढचा स्लो आहे. तिसरं, बॅटन हातात घासला आणि दोनदा प्रयत्न करावा लागला, बहुतेक वेळा हात वर-खाली हलत होता किंवा हाक लवकर दिली गेली. आणि चौथं म्हणजे एक्सचेंज एकदम क्लीन पण झोनच्या सुरुवातीलाच झाला, हे टीव्हीवर छान दिसतं पण घेणारा अजून वेगात आलेला नसतो, टाइम तिथे मरतो. चांगल्या टीम झोनच्या शेवटच्या दहा मीटरमध्ये देतात. जोखीम असते, पण टाइम तिथेच मिळतो.

एक नियम लोक विसरतात, झोनमध्ये पाय कुठे आहेत ते महत्त्वाचं नाही, बॅटन कुठे आहे ते बघतात. रिओला अमेरिकेचं ब्राँझ गेलं ते रॉजर्स-गॅटलिनच्या एक्सचेंजला झोन सुरू व्हायच्या आधीच दोघांचा हात बॅटनला लागला म्हणून.

ऑर्डरबद्दल पण एक बोलायचंय. सगळ्यात फास्ट माणूस शेवटी ठेवायचा ही सवय आपल्याकडे शाळेपासून आहे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या लेगचा माणूस बॅटन घेतो पण आणि देतो पण, आणि एकूण पळतो जास्त. तिसरा तर पूर्ण बेंडवर, म्हणजे ट्रॅकच्या वळणावर. कुजूरने 2025 लाच गुमीला 200 मीटर 20.32 काढून ब्राँझ घेतलं, बोरगोहेन पण 200 चा माणूस, असे लोक मधल्या लेगला सोनं आहेत. त्यांना फक्त नावासाठी अँकरला, म्हणजे शेवटच्या लेगला, ढकलू नये. आणि पहिल्या लेगला स्टार्ट चांगला असलेला, उजव्या हातात बॅटन धरून बेंडच्या आतल्या बाजूला चिकटून पळणारा पाहिजे.

सिलेक्शनच्या वेळी होणारी चूक याच्याशी जोडलेली आहे. एखाद्या मीटमध्ये कोणी 10.2 काढला की लगेच "याला टीममध्ये घ्या" सुरू होतं, मग तो आपल्या महाराष्ट्राचा प्रणव गुरव असो नाहीतर दुसरा कोणी. मुलं चांगली आहेत, बेंच मजबूत पाहिजेच, सहा जण तरी तयार पाहिजेत. पण शेवटच्या तीन आठवड्यात जोड्या फोडायच्या नाहीत. पाचव्या माणसाला आधीपासून दोन ठरलेल्या जागांवर प्रॅक्टिस द्या, म्हणजे कोणाची हॅमस्ट्रिंग गेली तर टेप किती पावलांवर लावायचा हे त्याला त्या दिवशी शोधावं लागणार नाही. आणि प्रॅक्टिस पण फुल स्पीडने, स्पाईक्स घालून, शेजारच्या लेनमध्ये दुसरी टीम पळत असताना. जॉगिंग करत दिलेला बॅटन कधीच पडत नाही, त्यावरून काही कळत नाही.

घरच्या मैदानाचा फायदा पण डोळे झाकून जपानला देऊ नका. टोकियो ऑलिंपिकला ते गोल्डची भाषा करत होते आणि फायनलला पहिल्याच एक्सचेंजला, तादा ते यामागाता, बॅटन पोचलाच नाही. फायनलमध्ये एखादी मोठी टीम बाहेर जाणं हे 4x100 मध्ये नेहमीचं आहे, म्हणून ज्या टीमचा बॅटन दोन्ही राउंड नीट फिरतो तिला चौथ्या-पाचव्या नंबरच्या टायमिंगवर पण मेडल मिळू शकतं. आपली संधी मला तिथे दिसते. 2025 च्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला लालू प्रसाद भोई, कुजूर, होबळीधर आणि जयराम यांनी 38.89 वर ब्राँझ आणलंच की, म्हणजे माणसं बदलून पण 38 च्या घरात राहता येतं हे दिसलंय.

तर नागोयाला हीट लागली की आधी टीमशीट बघा, जे चौघे सीझनभर पळालेत तेच आहेत का. मग तिन्ही एक्सचेंज झोनच्या कुठल्या भागात झाले ते बघा. हीटमध्ये 38.6 च्या आसपास आणि एक्सचेंज सेफ असतील तर फायनलला अजून दोन दशांश शिल्लक आहेत असं समजा आणि खुशाल ब्राँझचं बोला. 38.6 आला पण झोनच्या शेवटच्या रेषेवर बॅटन दिलाय, तर मात्र टेप बदलला का याची चौकशी करा.