पौषात परसबागेत आणि गच्चीवर काय काय करायचं

डिसेंबर-जानेवारीत बाग भरलेली दिसते म्हणून बरेच जण नुसती भाजी तोडत बसतात, पण उन्हाळ्यातली बाग चांगली होणार की नाही हे याच दिवसांत ठरतं. मी पुणे-नाशिककडच्या थंडीचं लिहितेय, कोकणात एवढा गारठा नसतो.

सगळ्यात आधी ऊन बघा. सूर्य आता दक्षिणेकडे कललेला असतो, पुण्यात डिसेंबरअखेरीला भर दुपारीसुद्धा ३ फुटी कठड्याची जवळपास पावणेतीन फूट सावली पडते, म्हणजे गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याला चिकटून बुटक्या कुंड्या असतील तर त्यांना ऊन जवळजवळ मिळतच नाही आणि आपण उगाच खत घालत बसतो. मिरची, वांगी, टोमॅटो तिथून ओढून मोकळ्यात आणा आणि ती जागा पालक-पुदिन्याला द्या, त्यांचं भागतं.

पाणी कमी करा, प्लीज. थंडीत कुंडीतलं पाणी लवकर सुकत नाही, मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडली की लोक अजून पाणी घालतात. बोट खुपसून बघायचं, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच घालायचं, तेही सकाळी ऊन आल्यावर आणि मुळाशी. रात्रभर पानं ओली राहिली की टोमॅटोवर करपा (पानांवर डाग पडून ती वाळवणारा रोग) येतो, तसंही त्याची जमिनीला टेकणारी खालची पानं काढून टाकलेली बरी.

भुरी मात्र कोरड्या हवेतही येते. वाटाण्याच्या पानांवर पांढरी पावडर दिसली की पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम टाकून फवारा, फक्त निमतेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या नाहीतर पानं करपतात. ढगाळ हवा आली की वाल, घेवडा, कोबीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येणार हे धरूनच चाला, त्याला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून फवारायचं. दुपारी चारच्या सुमाराला मारा, कडक उन्हात अर्काचा जोर जातो आणि उशिरा मारलं तर पानं सुकत नाहीत, आणि पानांच्या खालच्या बाजूला नीट मारा कारण मावा तिथेच बसतो.

फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा झाला की बाहेरची पानं त्याच्यावर दुमडून सुतळीने सैल बांधा, पांढरा राहतो. मुळा वेळेत उपटा, जून झाला की पोकळ होतो. मेथी-कोथिंबीर थोडी थोडी दर पंधरवड्याला पेरत राहा, धणे रगडून दोन भाग करून पेरायचे, थंडीत उगवायला दोन आठवडेही लागतात तेव्हा लगेच उकरून बघू नका.

आणि बियाणं! भोगीच्या भाजीसाठी वालपापडी, घेवडा, वांगी सगळं ओरबाडून काढू नका. ज्या वेलाला सगळ्यात चांगल्या शेंगा आल्यात त्याच्या काही शेंगांना लाल दोरा बांधून घरात सगळ्यांना सांगून ठेवा, त्या वेलावरच वाळू द्यायच्या, हलवल्यावर आत दाणे वाजले की काढायच्या. वांगं बियाण्यासाठी झाडावर पूर्ण पिवळं होईपर्यंत ठेवावं लागतं. स्वतःच्या मातीत रुळलेलं बियाणं दरवर्षी जपावं असं मला मनापासून वाटतं. फक्त हायब्रीड रोपाचं बी धरू नका, पुढची झाडं तशीच निघतील याचा भरवसा नसतो.

उन्हाळी भाज्यांची घाई नको. भेंडी गार मातीत उगवत नाही, बी कुजून जातं, म्हणून संक्रांत होऊन गारठा उतरला की मगच पेरा. दोडका, कारल्याचं बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवा, मोड आले की कागदी कपात लावा आणि तीन-चार पानं आली की मुळं न दुखवता मातीच्या गोळ्यासकट हलवा. तोपर्यंत रिकाम्या कुंड्यांची माती उन्हात पसरून वाळवा, शेणखत मिसळा, मांडवाच्या काठ्या-दोऱ्या तपासा, आणि आता झाडांची पानगळ सुरू होते तो पालापाचोळा जाळू न देता पोती भरून ठेवा, मार्चपासून कुंडीतल्या मातीवर आच्छादनाला लागेल.