बीआय लायसन्स घेण्याआधी: उद्यमबागेतल्या टीमसाठी तयारीची यादी

बीआय म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स, धंद्याचे आकडे गोळा करून रिपोर्टात दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचं लायसन्स विकत घ्यायला अर्धा तास पुरतो. पोर्टल उघडायचं, किती लायसन्स हवीत तो आकडा टाकायचा, कार्ड लावायचं. घोळ होतो तो त्या आकड्यात, आणि पोर्टल कुणाच्या नावानं उघडलंय त्यात. म्हणून ही यादी खरेदीच्या आधीची आहे. उदाहरणाला बेळगावच्या उद्यमबागेतली एक मध्यम फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) धरतो, जिचं दुसरं युनिट वेंगुर्ला रस्त्यानं महाराष्ट्राच्या हद्दीत गेल्यावर शिनोळीत आहे. बेळगावात असे दोन्हीकडे पाय ठेवलेले कारखानदार कमी नाहीत. सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय धरतो, कारण एक्सेल आपल्याकडं आधीच टेबलाटेबलावर आहे आणि लायसन्स विकणारा पार्टनरही बहुधा तेच पुढं करतो.

आधी एक कागद घ्या आणि त्यावर माणसांची नावं लिहा. पदं लिहू नका, नावं लिहा. प्रत्येकापुढं लिहायचं की हा रिपोर्ट बनवणार, की नुसता बघणार. मेल्टिंगचा सुपरवायझर सकाळी येऊन रात्रपाळीत किती हीट (भट्टीच्या खेपा) निघाल्या आणि किती माल ओतला एवढंच बघतो, तो बघणारा. क्वालिटीतला मुलगा रिजेक्शन (नाकारलेला माल) फोडून मांडतो, ब्लोहोल (हवेची भोकं) किती, सँड इन्क्लूजन (अडकलेली वाळू) किती, कुठल्या पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला), कुठल्या पाळीत, तो बनवणारा. अकाउंट्सच्या मॅडम टॅलीतून येणं-देणं काढून देतात, स्वतः काही बनवत नाहीत, पण त्यांनी दिलं नाही तर रिपोर्टात काही उरत नाही, तेव्हा त्यांचं नाव हवंच. डिस्पॅच, स्टोअर, परचेस, शिनोळीचा मॅनेजर, सगळे घ्या. मग तिसरा गट आपोआप बाहेर पडतो. ज्यांना आठवड्यातून एकदा एक आकडा कळला की पुरे, त्यांना पीडीएफ काढून व्हॉट्सॲपवर टाकली तरी चालतं, लायसन्स लागत नाही. मालकांना पहिलं लायसन्स द्यायचा आपल्याकडं रिवाज आहे. द्यावं, नाही तर पुढची फाइल मंजूर होणार नाही. पण तीन महिन्यांनी वापर काढून बघितला तर सगळ्यात कमी लॉगिन बहुतेक तिथंच सापडतात.

हा कागद एवढ्यासाठी की पॉवर बीआयमध्ये बघणाऱ्यालाही पैसे पडतात. इथंच बहुतेकांची गफलत होते. डेस्कटॉप सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर उतरवून घ्या आणि हवे तेवढे रिपोर्ट बनवा. पण बनवलेला रिपोर्ट दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा म्हटलं की दाखवणाऱ्याला प्रो लायसन्स हवं आणि बघणाऱ्यालाही. फुकट खात्यावर लिंक पाठवली की सुपरवायझरचा फोन येणारच, ‘साहेब, माझ्याकडं दिसेना की ओ.’ प्रोचा जाहीर दर १ एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १४ डॉलर आहे, आधी १० होता. त्याच्या वरचं प्रीमियम पर यूजर २४ डॉलरला. प्रोमध्ये एक मॉडेल (रिपोर्टामागचा डेटा) १ जीबीपर्यंत ठेवता येतं आणि दिवसाला ८ वेळा ताजं (रिफ्रेश) करता येतं, वरच्यात १०० जीबी आणि ४८ वेळा. फाउंड्रीच्या डेटाला १ जीबी खूप झाला. तीन पाळ्यांच्या शेवटाला एकेक, सकाळच्या मीटिंगआधी एक आणि अकाउंट्ससाठी एक धरलं तरी आठांत भागतं. वरचं लायसन्स कुणी गळ्यात मारत असेल तर आपल्या कामातलं काय प्रोमध्ये होत नाही, हे त्यालाच विचारा. फॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्याच सेवेची एफ-६४ कपॅसिटी (कंपनीसाठी राखीव संगणकशक्ती) घेतली तर फुकट खात्यावरचे लोकही बघू शकतात, पण तिचा खर्च असा की तीन-साडेतीनशे बघणारे असल्याशिवाय तो विचार करू नये.

दुसरी सॉफ्टवेअरं बघणार असाल तर हाच कागद त्यांनाही चालतो. टॅब्लोमध्ये क्रिएटर, एक्सप्लोरर आणि व्ह्यूअर असे तीन दर आहेत आणि निदान एक क्रिएटर घ्यावाच लागतो. बघणारे जास्त आणि बनवणारा एकटा असेल तर हिशेब मांडून बघावा. झोहो ॲनालिटिक्सचे प्लॅन माणसं आणि डेटाच्या ओळी या दोन्हींवर ठरतात, तेव्हा टॅलीतले व्हाउचर वर्षाला किती हजार होतात ते आधी काढा. मेटाबेसची मुक्त आवृत्ती फुकट आहे, पण ती चालवणारा माणूस फुकट नसतो.

आता नाव. कंपनीचं खातं कंपनीच्या ईमेलवरच उघडतं, जीमेलवर पॉवर बीआयची नोंदणी होत नाही. म्हणजे स्वतःचं डोमेन (ईमेल-वेबसाइटचं नाव) असलेलं बरं, आणि डोमेन आपलंच आहे याची खूण म्हणून त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, ओळ घालावी लागते. त्या क्षणी कळतं की डोमेनचा पासवर्ड पाच-सहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिलेल्या पोराकडं आहे आणि तो आता बेंगळुरूला नोकरीला आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी डोमेन कुणाच्या नावावर आहे, कधी संपतंय आणि लॉगिन कुणाकडं आहे हे शोधा. त्याला फोन करा, गोड बोला, ते कंपनीच्या नावावर करून घ्या. सगळ्या यादीत वेळ खाणारं काम हेच आहे, बाकीची पैशानं तरी उरकतात.

खातं उघडताना देश भारत निवडलाय ना ते बघा. नंतर तो बदलता येत नाही, आणि बिलाचं चलन व डेटा कुठल्या भागात राहणार हे त्यावरच ठरतं. खातं पार्टनरनं उघडून दिलं तरी मुख्य ॲडमिन आपली दोन माणसं पाहिजेत. एकच ठेवला आणि तो गावच्या यात्रेला गेला की सगळं अडतं. पार्टनरला जेवढं लागेल तेवढंच, ठरावीक मुदतीचं अधिकारपत्र द्या. आणि कर्मचाऱ्यांना स्वतःच्या कार्डानं लायसन्स घेता येतं, ती सोय ॲडमिनमधून बंद करून टाका. हिशेब एका ठिकाणी राहतो.

लॉगिनला मोबाइलवर ऑथेंटिकेटर (ओळख पटवणारं) ॲप लागेल. फेटलिंगमधल्या (ओतीव माल घासून साफ करणाऱ्या विभागातल्या) कुणाकडं साधा बटणाचा फोन असेल तर त्याचं काय करायचं ते आधीच ठरवा. चौघांनी मिळून एक लॉगिन वापरायचं हा उपाय सगळ्यांना सुचतो. लायसन्स माणशी असतं, त्यामुळं तो नियमात बसत नाही. शॉपमध्ये भिंतीवर टीव्ही लावून आकडे दाखवायचे असतील तर त्या खात्याचं कसं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पैशाकडं येऊ. वर्षाचा करार करून वर्षाचे पैसे एकदम भरले तर सगळ्यात स्वस्त. वर्षाचा करार पण हप्ता महिन्याला, तर दर ५ टक्के जास्त. करारही महिन्याचाच, तर २० टक्के जास्त. वार्षिक करारात मध्येच लायसन्स कमी करता येत नाहीत, घेतल्यापासून सात दिवसांत रद्द केलं तरच, वापराचे दिवस वजा जाऊन, पैसे परत. म्हणून वार्षिक आकडा कमीच धरा, वाढवणं कधीही जमतं. साखर कारखान्याचा हिशेब मात्र वेगळा. चिकोडी, अथणी, गोकाककडं गाळप चार-पाच महिने चालतं आणि वजनकाट्याचे, ऊसतोडीचे रिपोर्ट बघणारी माणसं तेवढ्यापुरतीच लागतात. पाच महिने मासिक दरानं घेतलं तर सहा महिन्यांचे पैसे जातात, वार्षिक घेतलं तर बाराचे. कायमच्या माणसांना वार्षिक, हंगामी माणसांना मासिक, अशी सरमिसळ करता येते आणि करावी.

कार्डाचंही बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर गेली की दर वेळी ओटीपी लागतो. दहा-बारा लायसन्स झाली की मासिक बिल त्या रेषेजवळ जातंच. ओटीपी मालकांच्या फोनवर, मालक गोव्यात, बिल थकलं, असं होऊ द्यायचं नसेल तर पार्टनरकडून इन्व्हॉइसवर घ्या आणि बँकेतून भरा.

इन्व्हॉइस म्हटलं की जीएसटी आला, आणि आपल्या भागात तो दोन राज्यांचा. उद्यमबागेचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, शिनोळीचा २७ नं. कायद्याच्या नजरेत मालक एक असला तरी हे दोन वेगळे करदाते. उद्यमबागेच्या नावानं घेतलं आणि पार्टनर बेंगळुरूचा असेल तर ९ अधिक ९ टक्के, सीजीएसटी आणि एसजीएसटी. पार्टनर पुण्याचा किंवा कोल्हापूरचा असेल तर १८ टक्के आयजीएसटी. भरलेल्या कराचं क्रेडिट दोन्हींचं मिळतं, तेव्हा कर वाचेल म्हणून पार्टनर बदलायचं कारण नाही. इन्व्हॉइसवर नंबर बिनचूक पडला पाहिजे, एवढंच. खरी मेख पुढं आहे. बिल उद्यमबागेवर आणि वापरणारे चार जण शिनोळीत, म्हणजे ही दोन्ही नोंदणींची सामायिक सेवा झाली. अशा सेवेचं क्रेडिट इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर म्हणून वाटून देणं १ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक आहे. शिनोळीची लायसन्स शिनोळीच्या नंबरावर वेगळ्या बिलानं मिळतात का, ते पार्टनरला विचारा. नाही तर खरेदीआधी सीएंना फोन करा, मार्चअखेर नको.

डेटा कुठून येणार? ढगातला डेटा असेल, एक्सेल वनड्राइव्हवर असेल, तर प्रश्न नाही. पण आपली टॅली ऑफिसातल्या पीसीवर असते आणि प्रॉडक्शनचा डेटा साठवणारा एसक्यूएल सर्व्हर त्याच्या शेजारी. तिथला डेटा वर न्यायला गेटवे नावाचा प्रोग्रॅम एका पीसीवर बसवावा लागतो. तो पीसी वेगळा ठेवा, लॅपटॉप नको, वायफायवर नको, झोपेच्या सेटिंगवर तर मुळीच नको. आठ जीबी रॅम, वायरचं इंटरनेट, चांगला यूपीएस. हेस्कॉमची लाइट गेली आणि परत आली तर पीसी आपोआप चालू होईल असं बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) करून ठेवा. बसवताना स्टँडर्ड मोड निवडा, पर्सनल नको, नाही तर गेटवे एकाच माणसाच्या खात्याला बांधला जातो. रिकव्हरी की विचारली जाते ती कागदावर लिहून अकाउंट्सच्या कपाटात ठेवा. ती हरवली तर पीसी बिघडल्यावर गेटवे दुसरीकडं हलवता येत नाही, सगळं नव्यानं जोडत बसावं लागतं. टॅलीकडून ओडीबीसी नावाच्या जोडणीनं डेटा घेणार असाल तर टॅली चालू आणि कंपनी उघडलेली पाहिजे. मॅडम संध्याकाळी टॅली बंद करून घरी गेल्या की रात्रीच्या रिफ्रेशला काही मिळत नाही.

आणखी एक खाचखळगा आहे. ठरवलेलं रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसलं की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करतं. दिवसाला आठ रिफ्रेश असतील तर अर्ध्या दिवसात खेळ खलास. गणपतीच्या सुट्टीत कुणी निष्ठेनं सगळे पीसी बंद करून गेलं, तर परत आल्यावर पीसी सुरू होतो, रिपोर्टही उघडतो, पण आकडे चतुर्थीच्या आधीचे. गेटवेच्या पीसीवर ‘बंद करू नये’ अशी मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवा, आणि रिफ्रेश फसलं की दोघांना मेल जाईल असं लावा.

कुणाला काय दिसावं हे लायसन्स वाटायच्या आधी ठरवा. शिनोळीच्या मॅनेजरला शिनोळीचंच दिसावं म्हणून रो लेव्हल सिक्युरिटी (ज्याला त्याच्याच ओळी दाखवणारी सोय) लावली, आणि त्याला वर्कस्पेसमध्ये (टीमच्या रिपोर्टांच्या सामायिक जागेत) मेंबर म्हणून घातलं, तर तिचा उपयोग शून्य. ती फक्त व्ह्यूअरवर चालते. ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर सगळं बघतात. पगाराचा आणि पार्टीवार दराचा डेटा तर वेगळ्याच वर्कस्पेसमध्ये ठेवा. ‘पब्लिश टू वेब’ नावाचं बटण बंद आहे ना ते बघा. त्यानं लायसन्सशिवाय रिपोर्ट दिसतो हे खरं, पण लिंक मिळालेल्या जगातल्या कुणालाही दिसतो.

डेटाची साफसफाई हा वेगळाच विषय, इथं एवढंच की गावाच्या रकान्यात बेलगाम, बेळगाव आणि बेळगावी अशी तिन्ही नावं सापडतील, कारण जुनी व्हाउचरं २०१४ च्या आधीची आहेत. एकच ठरवा आणि मास्टरमध्ये बदला.

मग ट्रायल, म्हणजे फुकट वापरून बघणं. ती ६० दिवसांची मिळते, पण पाच माणसांनीच घ्या. वीस जणांना वाटली तर सगळ्यांना सगळं दिसतं, सवय लागते, आणि मुदत संपली की मेल्टिंगपासून डिस्पॅचपर्यंत एकाच सकाळी फोन सुरू होतात. महिना-दीड महिन्यानं कोण खरंच उघडतंय ते वर्कस्पेसच्या यूसेज रिपोर्टमध्ये बघा, तिथं मागच्या ३० दिवसांचं दिसतं. पहिल्या कागदाशी ताडून बघा आणि मग आकडा पार्टनरला कळवा.

माणूस सोडून गेला तर त्याचं लायसन्स काढून दुसऱ्याला देता येतं. पण खातं उडवायच्या आधी त्याच्या ‘माय वर्कस्पेस’मधले रिपोर्ट टीमच्या वर्कस्पेसमध्ये हलवा, उडवलेलं खातं ३० दिवसच परत आणता येतं. एचआरच्या नो-ड्यूज फॉर्मवर आयडी कार्ड आणि सेफ्टी शूजच्या खाली ही एक ओळ वाढवून घ्या. आणि रिन्यूअलची तारीख अकाउंट्सच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीचं स्मरण लावून टाका, म्हणजे नको असलेली लायसन्स त्या वेळी कमी करता येतील.