बंदरातली परदेशी खापरं वाचायची कशी?

जुन्या बंदराच्या उत्खननात रोमन खापर निघालं की लगेच "इथे रोमन वसाहत होती" म्हणून मोकळं व्हायचं नाही. भांडं इथवर पोचलं एवढंच ते खापर सांगतं, कोणी आणलं ते नाही.

सुरुवात मातीपासून करा, नक्षी नंतर, कारण नक्षीची नक्कल कोणीही करतं. तुटलेली कड भिंगाखाली धरा आणि मातीत काय मिसळलंय ते बघा. नेपल्सच्या आसपास बनलेल्या अँफोऱ्यात, म्हणजे दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या वाइनच्या रांजणात, काळी चमकदार ज्वालामुखीची वाळू दिसते, ती एकदा बघितली की डोळ्यात बसते.

मग आतली बाजू, जी बरेच जण बघतच नाहीत. कान नसलेला लांबुळका रांजण आणि आतून डांबराचं अस्तर असेल तर तो टॉर्पेडो जार, मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडचा. भारतात सापडलेले असे बरेच तुकडे आधी रोमन अँफोरा म्हणून नोंदले गेले होते, म्हणजे व्यापाराची अख्खी दिशाच चुकली की! पण अँफोऱ्यालाही आतून झाडाची राळ लावायचे, त्यामुळे नुसतं काळं दिसलं म्हणून ठरवू नका, लॅबमध्ये तपासा.

तारखेसाठी मात्र चांगली भांडी कामाची. १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने अरिकामेडूचा, म्हणजे पुद्दुचेरीजवळच्या जुन्या बंदराचा, काळ ठरवला तो इटलीतल्या अरेझोच्या लाल चकचकीत भांड्यांवरून, कारण ती कधी बनायची ते आधीच माहीत होतं. पण तिथेच सापडलेली रूलेटेड वेअर, म्हणजे आतून बारीक टिपक्यांची वर्तुळं उमटवलेल्या थाळ्या, जिला भूमध्य समुद्राकडची समजत होते, ती मातीच्या तपासणीत भारतातलीच निघाली. म्हणून म्हणतो, माती आधी.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी असतात ती साधी, काजळी धरलेली स्वयंपाकाची मडकी. भारी थाळी विकायला कुठेही जाते, पण रोजचं मडकं कोण विकत घेणार परदेशात? ते सहसा माणसासोबतच जातं. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेत भारतीय स्वयंपाकाची भांडी सापडलीत, आणि एका भारतीय रांजणात तर ७ किलोच्या वर काळी मिरी. मिरीवरून माल कळतो, मडक्यावरून तिथे भारतीय माणसं राहून जेवत होती असा अंदाज बांधता येतो.

शेवटी खापर कुठल्या थरात, कुठे मिळालं ते बघा, गोदामात, घरात की उकिरड्यात. ती नोंदच नसेल तर त्यावरून बंदराबद्दल फार काही बोलू नका.