कोयत्यासाठी आकडी कशी निवडायची? कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) आणि रानात दिवसभर कमरेला बांधणाऱ्यांसाठी

अमेरिकेतले शिकारी आणि डोंगरात फिरणारे लोक पिस्तूल कमरेला लावायचं की छातीवर, होल्स्टर चामड्याचं घ्यायचं की प्लास्टिकचं, पाठीवर बॅग आली की काय करायचं यावर तास तास बोलतात. आपल्या पोरांना ते व्हिडिओ बघून हौस येते पण गोव्यात त्याचा उपयोग काय, शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि सत्तरी तालुक्यात एखाद्या बागायतदाराकडे डुकरांपासून पीक राखायला लायसन्सची बंदूक असली तरी ती लांब नळीची, खांद्यावर घ्यायची. कमरेला आपण लावतो तो कोयता. आणि प्रश्न अगदी तेच आहेत, वस्तू जड, धारदार, हाताला पटकन सापडायला हवी, वाकलं तरी पडता कामा नये आणि संध्याकाळपर्यंत कंबर सोलून निघता कामा नये. म्हणून हे आकडीबद्दल.

ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आकडी म्हणजे कमरेला मागच्या बाजूने दोरीने किंवा पट्ट्याने बांधायचा लाकडी नाहीतर लोखंडी तुकडा, त्यात कोयता लटकतो, पातं खाली आणि मूठ वर. दोन प्रकार दिसतात. एक उघडी, म्हणजे एका बाजूने तोंड असलेली, तिच्यात मूठ आणि पातं यांच्यामधला निमुळता भाग बाजूने सरकवायचा, मग मुठीची कडी आकडीवर टेकून राहते. दुसरी बंद, लाकडाला आरपार खाच असते आणि पातं वरून आत सोडायचं. उघडीतून कोयता पटकन निघतो पण झाडीत एखादी वेल मुठीला अडकली की तितक्याच पटकन बाहेरही येतो. बंद आकडीत तो जास्त घट्ट बसतो पण खाच तुमच्याच कोयत्याच्या मापाची असावी लागते. काजूच्या बागेत झाडाखालची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं साफ करायची, मोकळं रान आहे, तर उघडी पुरे. दाट झाडी आणि चढउतार असेल तर बंदच घ्या, यात मला तरी शंका नाही.

लोक आधी आकडी घेतात आणि मग कोयता शोधतात. उलटं करा. बाजारात जाताना आपला कोयता गोणपाटात गुंडाळून बरोबर न्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फोंड्याला हत्यारं विकणाऱ्याकडे गेलात तर तिथेच घालून बघता येतं. सगळे कोयते सारखे नसतात. नारळ सोलायचा, फांद्या तोडायचा कोयता जाड पाठीचा, वाकड्या टोकाचा, वजनाला अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत जातो. रेंदेराची, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याची, काती वेगळीच, माडाची पोय (फुलोरा) तासायला पातळ आणि ब्लेडसारखी धारेची, तिची लाकडी पेटी तिच्याच मापाने करतात, त्यात आपला कोयता कोंबू नका. खाचेत पातं गेल्यावर दोन्ही बाजूंना थोडी हालचाल असावी, पण हलवल्यावर खडखड आवाज आला तर ती सैल आहे. आवाज हा त्रास वाटत नाही पहिल्या अर्ध्या तासात, नंतर डोकं उठतं, शिवाय पक्षी बघायला निघाला असाल तर विसराच.

लाकडाचं म्हणाल तर जुना वाळलेला फणस किंवा सागवान बरा. ओलं लाकूड सुताराने दिलं तर उन्हाळ्यात आकसून फुटतं आणि पावसात फुगून खाच आवळते, मग कोयता ओढताना झटका बसतो, आणि झटका बसला की हात कुठेही जातो. लोखंडी सळीची आकडी स्वस्त आणि टिकाऊ, पण धार तिच्यावर घासली की बोथट होते आणि आपल्या हवेत ती गंजते, लोखंडीच घ्यायची असेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्यावर घट्ट ओढून घ्या. चामड्याची म्यान दिसायला एक नंबर. उन्हाळ्यात ठीक. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात चामड्याला बुरशी धरते, आत ओल राहते आणि एका रात्रीत पात्यावर तांबडे ठिपके येतात, शिवाय नुसती शिवलेली म्यान असेल तर धार आतून शिवण कापत जाते, ती कधी सुटेल सांगता येत नाही. घ्यायचीच असेल तर कडेला चामड्याची जादा पट्टी घालून रिव्हेट मारलेली घ्या आणि तळाला पाणी जायला भोक असू दे. पाण्याचा पीव्हीसी पाईप तापवून चपटा करून बनवलेली म्यानही काही जण वापरतात, पावसाला मस्त, दिसायला भिकार, पण कोण बघतंय. पाईप उघड्यावर तापवा, धूर नाकात घेऊ नका.

शिंगाच्या आकडीबद्दल एक सांगून ठेवतो. कोणी जुनी गव्याच्या किंवा सांबराच्या शिंगाची आकडी दाखवून घेतो का विचारलं तर नको म्हणा. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे ते सोडा, अशा वस्तूंची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यात बसतच नाही.

आता मुख्य गोष्ट, दोरी. लोक आकडीच्या नक्षीवर आणि पितळी फुलांवर पैसे घालतात आणि बांधायला कुठलीतरी नायलॉनची बारीक सुतळी. कमरेला त्रास आकडी देत नाही, दोरी देते. किलोभर वजन बारीक दोरीवर आलं की ती कमरेच्या हाडावर रुतते, घाम आणि मातीने घासून दुपारपर्यंत लाल पट्टा उठतो, दुसऱ्या दिवशी पँटसुद्धा सहन होत नाही. काथ्याची दोरी तर नकोच. दीड-दोन इंच रुंदीचा सुती किंवा बॅगेला असतो तसा विणलेला पट्टा घ्या, आणि तो शर्टावरून बांधा, उघड्या अंगावर नको. जुने लोक कमरेला पंचा गुंडाळून त्यावर आकडी बांधायचे त्याला कारण होतं. पँटच्या बेल्टमध्ये आकडी ओवली तर पँट एका बाजूला खाली ओढली जाते, आणि वर खेचत खेचत काम होत नाही. आकडीला पट्टा ओवायची भोकं दोन असावीत आणि एकमेकांपासून जरा लांब, एकाच भोकाची आकडी चालताना गोल फिरते आणि पातं मांडीवर येतं.

जागा कुठली? बेंबी म्हणजे घड्याळातले बारा धरा, उजव्या हाताच्या माणसाला चारच्या आसपास बरं पडतं, म्हणजे उजव्या कुल्ह्याच्या जरा मागे. बरोबर मधोमध, पाठीच्या कण्यावर बरेच जण बांधतात कारण दोन्ही बाजूंनी झाडी घासत नाही, पण पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पाय सटकला तर माणूस पाठीवरच पडतो, आणि मग कण्याखाली लाकडाचा ठोकळा आणि लोखंड. चारवर बांधा. धारेची बाजू नेहमी मागे, अंगापासून लांब. मुठीचं टोक कोपराच्या खाली राहिलं पाहिजे, वर आलं तर प्रत्येक वेळी हात मागे नेताना टोचतं.

पाठीवर बॅग असेल तर मोठी पंचाईत, कारण बॅगेचा कमरपट्टा नेमका आकडीवर येतो. कमरपट्टा न लावता बॅग घेतली तर खांदे जातात. त्यापेक्षा आकडी तीनवर, एकदम कुशीला सरकवा, किंवा छोटी कोयती म्यानात घालून बॅगेच्या बाजूला उभी बांधा आणि लागेल तेव्हा बाहेर काढा. रेनकोट घालणार असाल तर घालूनच ट्रायल घ्या, लांब रेनकोटचा घेर मुठीवर चढतो आणि काढताना हातात कोयत्याऐवजी प्लास्टिक येतं.

ट्रायल दुकानात उभं राहून होत नाही. घरी कोयत्याच्या पात्यावर जाड कापड गुंडाळा आणि धारेवर दोरी आवळून बांधा, किंवा तेवढ्याच आकाराची फळी लावा, मग आकडी बांधून उकिडवं बसा. हीच खरी परीक्षा, कारण काजू वेचताना, आळं साफ करताना, जळू काढताना माणूस उकिडवंच बसतो. बसल्यावर टोक जमिनीला टेकलं तर कोयता वर उचलला जातो आणि आकडीतून सुटतो, म्हणजे आकडी जरा वर बांधा किंवा कोयती लहान घ्या. मग वाका, पायरी चढा, दोन उड्या मारा, कुंपणाखालून जाता तसं वाकून जा. असंच तासभर घरातली कामं करा, बायको हसेल, हसू दे.

काढताना फारसं कापत नाही, कापतं परत ठेवताना, कारण डोळे पुढच्या कामावर असतात. थांबा, मान वळवून बघा, डावा हात पूर्ण बाजूला घ्या आणि मगच पातं खाचेत सोडा. डाव्या हाताने आकडी धरून ठेवायची सवय अनेकांना असते, आकडी हलते म्हणूनच ती सवय लागते, पट्टा आवळा म्हणजे धरावं लागणार नाही. आणि कोयता कमरेला लावून स्कूटरवर बसू नका हो, कितीही जवळ असलं तरी. गोणपाटात गुंडाळून डिकीत, नाही मावला तर पायाशी आडवा बांधून.

कायद्याचंही बघून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात फक्त घरकामाच्या किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरत नाहीत, त्यामुळे कुळागरात कोणी विचारणार नाही. पण पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, पणजीच्या बसस्टँडवर किंवा महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर उघडा कोयता कमरेला दिसला तर पोलीस थांबवणारच, त्यांचं काही चुकत नाही. अभयारण्याची गोष्ट अजून वेगळी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, बोंडला, कुठेही परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही आणि वन्यजीव कायद्याच्या हत्यारांच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते. म्हणजे पावसात धबधब्यावर ट्रेकला जाताना कोयता घरी. वाटेवरच्या फांद्या बाजूला करायला काठी पुरते.

पावसाळ्याआधी पात्याला आणि आकडीच्या खाचेला खोबरेल लावा, काम झाल्यावर काजूचा चीक आणि माती पुसून मगच टांगा, चीक वाळला की पातं खाचेला चिकटतं. रात्री कोयता आकडीतच ठेवू नका, ओल धरते.

डावखुऱ्यांसाठी, बाजारातल्या उघड्या आकड्या बहुतेक उजव्या हाताच्याच असतात, तोंड उलट्या बाजूला येतं आणि कोयता काढताना मनगट पिळतं. दुकानदार चालेल चालेल म्हणेल, ऐकू नका, आपला कोयता घेऊन सरळ सुताराकडे जा आणि तोंड दुसऱ्या बाजूने कापून घ्या.